बारा हजारांचा मुलूख

११ ऑगस्ट १९५४ रोजी नगर हवेलीचा पोर्तुगीज प्रशासक कॅप्टन व्हर्जिलियो फिदाल्गो आपल्या शिपायांसह उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. उधवा आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यात आहे. तेव्हा तो भाग मुंबई राज्यातल्या ठाणे जिल्ह्याचं उत्तर टोक होता. तिथून पुढे रस्ता खानवेलला जातो आणि खानवेल म्हणजे नगर हवेली.

दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन मात्र २ ऑगस्टला पाळला जातो. त्या दिवशी हवेलीचं मुख्य ठाणं सिल्वासा पडलं, हे खरंच. पण सिल्वासाचं पोलीस ठाणं हाती आलं तेव्हा प्रशासक तिथे नव्हता. तो दक्षिणेला खानवेलच्या बाजूला निघून गेला होता आणि पुढचे काही दिवस डोंगराळ मुलखात होता. पोर्तुगालची सत्ता संपली ती त्याने हद्द ओलांडून शेजारच्या पोलिसांसमोर बंदुका ठेवल्या तेव्हा. या नऊ दिवसांच्या फरकावर बहुतेक हकिकती अडखळत नाहीत. मला तो फरक महत्त्वाचा वाटतो, कारण ‘इथे भारताचा हात किती होता’ हा प्रश्न त्यातच दडलेला आहे.

१९५४च्या या घटनेवर मालकी सांगणारे बरेच आहेत. युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्स म्हणतो, दादरा आम्ही घेतलं. आझाद गोमंतक दल आणि पुण्या-मुंबईचे संघ स्वयंसेवक म्हणतात, सिल्वासा आमचं. त्या यादीत राजा वाकणकर, नाना काजरेकर, विश्वनाथ नरवणे, सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आहेत. पैसे उभे करायला पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम ठेवला, ही गोष्ट तर मराठी घरांत कितीदा तरी सांगितली गेली आहे. तलासरीतले लाल बावट्याचे जुने कार्यकर्ते वेगळं सांगतात. गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेत तयार झालेला वारली आदिवासी हवेलीत उतरला नसता, तर शहरातल्या चार तरुणांना जंगलातली वाटही सापडली नसती, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येकाच्या सांगण्यात खरं आहे आणि प्रत्येकाच्या सांगण्यात दुसरा गायब आहे.

म्हणून आठवणी थोड्या बाजूला ठेवून कागदांकडे जावं. या प्रकरणाचा सगळ्यात मोठा दफ्तरखाना पुण्यात नाही की पणजीत नाही. तो नेदरलँड्समधल्या हेग शहरात तयार झाला. पोर्तुगालने भारतावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा ठोकला आणि तो लढवण्यासाठी दोन्ही बाजूंनी पेशवाईपासूनचे तह, सनदा, पत्रं, परवाने ओतले. त्या खटल्याचा निकाल आणि त्यामागची कागदपत्रं वाचली की दोनशे वर्षांची एक सलग गोष्ट हाती येते. त्यात रणधुमाळी फारशी नाही. गोष्ट आहे एका रस्त्याची.

आधी नकाशा. दमण समुद्रकाठी. तिथून पूर्वेला वापी, जुन्या सुरत जिल्ह्याचा पारडी तालुका. त्यापलीकडे दादरा, देमणी आणि तिघरा ही तीन गावं म्हणजे दादरा. मग पुन्हा भारतीय जमिनीची एक पट्टी आणि नंतर नगर हवेली, दमणगंगेच्या खोऱ्यातला जंगलाचा मोठा तुकडा. दोन्ही मिळून ७२ गावं आणि पाचशे चौरस किलोमीटरहून थोडं कमी क्षेत्र. दक्षिणेला उंबरगाव, तलासरी, जव्हारची बाजू. दमणच्या गव्हर्नराला सिल्वासाला जायचं तर दुसऱ्याच्या जमिनीवरून जावं लागे. दादरातून हवेलीत जायलाही तेच. समुद्र नाही, दुसरी वाट नाही. अशा मुलखात राज्य करायचं तर शेजाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते.

ही विचित्र रचना झाली कशी, त्याची सुरुवात डहाणूच्या बाजूलाच होते. डहाणू, तारापूर, वसई हा सगळा किनारा एके काळी पोर्तुगिजांकडे होता. १७३९च्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी तो सोडवला. तारापूरच्या वेढ्यात बाजी भिवराव पडले, मे महिन्यात वसई आली. उत्तरेत पोर्तुगिजांकडे उरलं दमण आणि दीव. म्हणजे डहाणूचा किल्ला मराठ्यांकडे येऊन चाळीस वर्षं होतात आणि त्याच मराठ्यांचं पुणं पोर्तुगिजांना याच परिसरात गावं तोडून देतं. वाचताना आश्चर्य वाटतं, पण १७७९ साली पुण्याची अडचण वेगळी होती. इंग्रजांशी युद्ध चालू होतं आणि गोव्याचे फिरंगी इंग्रजांना मिळू नयेत एवढं नाना फडणिसांना साधायचं होतं. त्यात जुनं भांडण होतं ‘सांताना’ या पोर्तुगीज जहाजाचं. मराठी आरमाराने ते १७७२मध्ये धरलं होतं आणि त्याची भरपाई मागितली जात होती. पुण्याच्या दरबारात पोर्तुगिजांचे वकील होते नारायण शेणवी धुमे. ते गोव्याचे सारस्वत.

तह १७७९चा. त्याचे दोन मसुदे आहेत, एक मे महिन्याचा आणि एक डिसेंबरचा, आणि दोन्ही तंतोतंत एक नाहीत. हेगला यावरच पहिली चकमक झाली. खरा तह कोणता? न्यायालयाने हा घोळ फार उकलत बसायचं नाकारलं. तह झाला, तो त्या वेळी दोघांनी मानला आणि त्यावर अंमल केला, एवढं पुरे म्हटलं. खरा प्रश्न सतराव्या कलमाचा होता. त्यात पोर्तुगिजांना दमणजवळ बारा हजार रुपये वसुलाची गावं द्यायची होती. गावांची नावं तहात नव्हती. ती आली १७८३ आणि १७८५च्या सनदांतून. पेशव्यांनी आपल्या अंमलदारांना हुकूम काढले, अमुक गावं फिरंग्यांकडे लावून द्या.

बारा हजारांचा वसूल म्हणजे काय? मुलूख दिला की उत्पन्न दिलं? पोर्तुगालचं म्हणणं, सार्वभौमत्व दिलं. भारताचं म्हणणं, जहागीर दिली, सरंजाम दिला, जसा पेशवे आपल्या सरदारांना देत तसाच. न्यायालयाने मराठ्यांचे इतर तह पाहिले. मुलूख कायमचा तोडून द्यायचा असेल तिथे मराठे तसं स्पष्ट लिहीत, असं त्यात दिसलं. या सनदांत तसलं एकही वाक्य नाही. उलट जहागीर-सरंजामाची भाषा आहे. शिवाय गावांत बंड झालं तर ते मोडायची मुभा पोर्तुगिजांना दिलेली, पण किल्ला बांधायची नाही. ज्याला आपल्या मुलखात गढी बांधायला पुण्याची परवानगी मागावी लागते, तो त्या मुलखाचा राजा कसला? निष्कर्ष भारताच्या बाजूने लागला: मराठ्यांनी सार्वभौमत्व दिलं नव्हतं.

दिल्लीत यावर समाधान झालं असेल तर ते पुढचं पान उलटेपर्यंतच टिकलं असणार. मराठे गेले, १८१८मध्ये इंग्रज आले. त्यांनी पाहिलं, या गावांत पोर्तुगीज वसूल घेतात, न्याय करतात, शिपाई ठेवतात. इंग्रजांनी पेशव्यांचे वारस म्हणून त्यावर हक्क सांगितलाच नाही. सव्वाशे वर्षं ही गावं पोर्तुगालची असल्यासारखाच व्यवहार केला. न्यायालयाने म्हटलं, सनदेने जे मिळालं नव्हतं ते या वागण्याने मिळालं. इंग्रजांनी प्रत्यक्षात आणि सूचकपणे पोर्तुगालचं सार्वभौमत्व मानलं आणि १९४७नंतर भारतानेही ते गुपचूप पुढे चालू ठेवलं. म्हणजे जो मुलूख पुण्याने दिला नव्हता तो इंग्रजांच्या दुर्लक्षाने दिला गेला. लंडनला या जंगलाचं काहीच नव्हतं. सुरतचा कलेक्टर आणि दमणचा गव्हर्नर यांच्यात कटकट नको, एवढाच हिशोब असावा. एका वाक्याच्या सनदेपेक्षा शंभर वर्षांचा आळस जास्त वजनदार ठरतो, हे इतिहासात पुष्कळदा दिसतं.

पण याच सव्वाशे वर्षांतले कागद भारताच्या कामी आले ते दुसऱ्या मुद्द्यावर. सार्वभौमत्व पोर्तुगालचं असलं, तरी त्यांच्या शिपायांना हवेलीत जायला परवानगी लागे की नाही?

इथे दोन पत्रं जवळून पाहण्यासारखी आहेत. १८७८मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात व्यापाराचा करार झाला होता. त्यात एक कलम होतं की एकाची सशस्त्र माणसं दुसऱ्याच्या हद्दीत रीतसर मागणीशिवाय शिरणार नाहीत. ८ डिसेंबर १८९० रोजी मुंबई सरकारने गोव्याला लिहिलं की पोर्तुगीज सरकारचे हत्यारबंद लोक दमणहून नगर हवेलीला जाता-येताना सुरत जिल्ह्याच्या पारडी तालुक्यातून बिनदिक्कत जातात आणि हे कराराविरुद्ध दिसतं. तक्रार पोकळ नव्हती. १८८० ते १८८९ या काळात तेवीस वेळा आपले सशस्त्र लोक परवानगीशिवाय गेल्याचा दाखला पोर्तुगालनेच पुढे हेगला दिला. आता गोव्याच्या गव्हर्नर जनरलने काय उत्तर द्यावं? तो म्हणू शकत होता, वाट आमची, हक्क आमचा. त्याने चौदा दिवसांनी, २२ डिसेंबरला, उलट टपाली कळवलं की आमचं सैन्य आधी परवानगी घेतल्याशिवाय ब्रिटिश हद्द कधीच ओलांडत नाही आणि शतकानुशतकं हीच वहिवाट आहे.

तो गव्हर्नर सभ्यपणा करत होता की शेजाऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकत होता, कोण जाणे. पण सत्तर वर्षांनी त्याच्या देशाला ते पत्र महागात पडलं. परवानगी मागत होतो, असं तुम्हीच लिहून दिलं आहे, मग हक्क कुठला? पुढे छोट्या सशस्त्र पोलीस तुकड्यांसाठी १९१३ आणि १९२०मध्ये परस्पर समजुती झाल्या, पण त्यांचा पायाही हाच होता की सवलत द्यावी लागते. साधे प्रवासी, कारकून, व्यापारी आणि माल यांचं वेगळं. त्यांना कुणी अडवत नसे. जकात, मीठ, अबकारी यांची तपासणी होई, एवढंच.

आता या कागदांत ज्यांचा पत्ता नाही त्यांच्याबद्दल. हवेलीत आणि हद्दीच्या या बाजूला तीच माणसं राहत होती: वारली, कोकणा, धोडिया. नाती हद्दीच्या दोन्ही बाजूंना. १९३६च्या हुकुमाने डहाणू तालुका आणि उंबरगाव, मोखाडा हे पेटे ‘अंशतः वगळलेले’ विभाग ठरले होते. सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या सरकारी अहवालाने वेठीचं वर्णन करून ठेवलं होतं. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायकोने सावकाराकडे राबायचं, त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि वेठ बंद झाली. मग गवताच्या मजुरीचा लढा. मुंबईच्या तबेल्यांना लागणारं गवत याच डोंगरांवरून जाई, आणि पाचशे पौंडांच्या कापणीला अडीच रुपये, ही मागणी होती. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच माणसं मेली, त्यांत जेठ्या गांगड. त्यानंतरच्या नऊ वर्षांत या पट्ट्यात लाल बावटा घट्ट रोवला गेला. १९५४मध्ये हवेलीच्या दक्षिण सीमेला लागून असलेला ठाणे जिल्ह्याचा भाग म्हणजे मोरारजी देसायांच्या सरकारला अजिबात भरवशाचा न वाटणारा भाग होता, हे ध्यानात ठेवलं तर पुढच्या पोलिसी हालचाली नीट कळतात.

दिल्लीची भूमिका कागदावर सौम्य होती. २७ फेब्रुवारी १९५०ला भारताने पोर्तुगालला बोलणी करण्याची विनंती केली, लिस्बनने ती धुडकावली. ११ जून १९५३ला भारताने लिस्बनमधली वकिलात बंद केली. त्याच वर्षीपासून वापीच्या वाटेवर चाप बसू लागला. दमणच्या अधिकाऱ्यांना, हत्यारांना, पोलिसांना पूर्वीसारखं जाता येईना. गोळीबार नाही, कुंपण नाही, नुसते परवाने नाकारले. हवेलीत तेव्हा दीडशेच्या आसपास पोलीस होते आणि त्यांची कुमक, दारूगोळा, पगार सगळं त्या वाटेवरून येणार.

२१-२२ जुलैच्या रात्री फ्रान्सिस मस्करेन्हस आणि वामन देसाई यांच्या नेतृत्वाखाली पंधराएक माणसांनी दादराच्या पोलीस ठाण्यावर हल्ला केला. ठाण्याचा अधिकारी आनिसेतो दो रोझारियो मारला गेला. दादरा गेलं. ही एक रात्र. त्यानंतरच्या दहा दिवसांत खरी गोष्ट घडली ती कचेऱ्यांमध्ये. पोर्तुगालने भारताकडे मागणी केली की दमणच्या गव्हर्नरच्या प्रतिनिधींना नगर हवेलीत जाऊ द्या, त्यांना परिस्थिती पाहू द्या, लोकांशी बोलू द्या. जुलै संपायच्या आत भारताने नकार दिला. २८ जुलैला नरोलीचं ठाणं शरण आलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दलाचे आणि संघाचे स्वयंसेवक सिल्वासात शिरले. तिथे लढाई म्हणावी असं काही झालं नाही. फिदाल्गोच्या पथकाला पश्चिमेकडून मदत येणार नव्हती. उत्तर-पश्चिमेला स्वयंसेवक, दक्षिणेला लाल बावट्याचे वारली आणि सगळ्या बाजूंनी भारतीय हद्द. त्या हद्दीवर जे. डी. नगरवाला यांच्या देखरेखीखाली मुंबई राज्याचे राखीव पोलीस उभे होते. गांधी-हत्येच्या मुंबईतल्या तपासात होते तेच हे नगरवाला. अशा कोंडीत कॅप्टन उधव्याला आला, तर त्यात त्याचं शौर्य कमी पडलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यापुढे दुसरी वाट उरली नव्हती.

मग भारताने हवेली घेतली का? पोर्तुगाल तसंच म्हणालं. भारत म्हणाला, लोकांनी आणि गोमंतकीयांनी घेतली, आमचं सैन्य पाऊलभरही आत गेलं नाही. दुसरं विधान शब्दशः खरं आहे आणि पहिलंही अगदी खोटं नाही. स्वयंसेवक भारतीय हद्दीत जमले, तिथून निघाले आणि त्यांना कुणी अडवलं नाही. पोर्तुगीज मदतीला मात्र अडवलं. दोन्ही गोष्टी एकाच रस्त्यावर, एकाच पोलिसांनी केल्या. माझ्या मते १९५४मध्ये भारताचा हस्तक्षेप नेमका एवढाच होता, आणि एवढा पुरला. हवेलीवरचं पोर्तुगीज राज्य पहिल्यापासून शेजाऱ्याच्या परवानगीवर उभं होतं. पुण्याने, मग मुंबईच्या इंग्रजांनी ती दिली होती. दिल्लीने ती काढून घेतली.

पोर्तुगालने हेगला जाण्याची तयारी कमालीच्या चपळाईने केली. १४ डिसेंबर १९५५ला ते संयुक्त राष्ट्रांचं सदस्य झालं, १९ डिसेंबरला न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचं घोषणापत्र दिलं आणि २२ डिसेंबरला दावा दाखल केला. भारताची अशी मान्यता होती, पण ती १९४०ची, ब्रिटिश काळातली. भारताने हरकत घेतली की शेजाऱ्यांना घोषणापत्राची खबर पोचण्याआधीच दावा लावणं हा दगा आहे. १९५७मध्ये न्यायालयाने ती आणि आणखी तीन हरकती फेटाळल्या, उरलेल्या दोन अंतिम सुनावणीसाठी ठेवल्या. भारतातर्फे महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड उभे होते आणि भारताने नेमलेले खास न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे एम. सी. छगला.

निकाल आला १२ एप्रिल १९६० रोजी. तीन ओळींत सांगायचा तर असा. साधे लोक, मुलकी अधिकारी आणि माल यांच्या जाण्या-येण्याचा हक्क १९५४मध्ये पोर्तुगालला होता, अकरा विरुद्ध चार. सैन्य, सशस्त्र पोलीस, शस्त्रं, दारूगोळा यांचा नव्हता, आठ विरुद्ध सात. आणि जुलै १९५४मध्ये भारताने आपल्या बंधनांविरुद्ध काही केलं नाही, नऊ विरुद्ध सहा. दादरा पडल्यावर आजूबाजूच्या भारतीय जिल्ह्यात तणाव होता आणि अशा वेळी वाट नियंत्रित करण्याचा अधिकार भारताकडे होताच, हे कारण. जगभरच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आज आठवतो तो दुसऱ्याच गोष्टीसाठी: फक्त दोन देशांमध्येही ‘रूढी’ तयार होऊ शकते, हे त्यात पहिल्यांदा स्पष्ट सांगितलं गेलं. आपल्याकडे मात्र ‘हेगला जिंकलो’ एवढंच लक्षात राहिलं. अर्धंच जिंकलो होतो. पोर्तुगाल तिथलं सार्वभौम होतं हे त्याच निकालाने मान्य केलं होतं. आणि एक मोठी गोष्ट न्यायालयाने विचारलीच नाही. १९५४नंतर तिथे जे स्थानिक राज्य चालू होतं ते कुणाचं, त्यावर एक अक्षर नाही.

त्या निकालानंतर एकोणीस दिवसांनी महाराष्ट्र झाला. आणि इथे या मुलखाच्या वादाला दुसरं वळण मिळालं. मुंबई पुनर्रचना कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात गुजरातकडे जाणाऱ्या गावांची यादी आहे आणि त्या यादीचा पहिला भाग ठाणे जिल्ह्याच्या उंबरगाव तालुक्याचा आहे. ४७ गावं आणि ३ शहरं सुरत जिल्ह्याला गेली. उरलेली २७ गावं आधी डहाणूला जोडली, मग १९६१मध्ये त्यांचा तलासरी महाल झाला. तलासरी तालुका असा जन्मला, एका तुटलेल्या तालुक्याच्या शिल्लक गावांतून. डांगसाठी महाराष्ट्रात जेवढा आरडाओरडा झाला तेवढा उंबरगावसाठी झाला नाही. ठाण्याचे खासदार तेव्हा शामराव परुळेकरच होते, १९५७च्या लाटेत निवडून आलेले. संयुक्त महाराष्ट्र समितीचा विरोध होता, पण मुंबई मिळत असताना उंबरगावसाठी कोण अडून बसणार? आठवणीत ठेवायचं तर हे: तलासरीच्या वेवजी आणि उंबरगावच्या सोळसुंब्याच्या शिवेवर दिव्यांच्या खांबांवरून आणि मोजणीवरून अलीकडेपर्यंत वाद होत होते, तो या परिशिष्टाचाच वारसा.

याचा परिणाम हवेलीवर झाला. १९५४मध्ये ती एकाच मुंबई राज्याच्या पोटात होती. १९६०नंतर तिच्या तीन बाजूंना गुजरात आणि दक्षिणेला महाराष्ट्र आला. १९६१च्या जनगणनेत तिथे सुमारे ५८ हजार लोक होते आणि त्यांत सगळ्यांत मोठा समाज वारल्यांचा. वारली बोली मराठीला जवळची, बाजाराची भाषा गुजराती. ती कुणाला द्यायची हा प्रश्न दिल्लीने सोडवला नाही, पुढे ढकलला, आणि केंद्रशासित प्रदेश करून टाकला. उच्च न्यायालय मात्र मुंबईचंच राहिलं, तेही आजपर्यंत.

पण त्याआधी एक कायदेशीर अडचण होती. सात वर्षं ‘मुक्त’ दादरा-नगर हवेलीचा कारभार स्थानिक माणसंच पाहत होती. सुरुवातीला अप्पासाहेब करमळकरांच्या हाती, पुढे वरिष्ठ पंचायतीच्या. १२ जून १९६१ रोजी पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. विलीनीकरणाच्या कराराला दुसऱ्या बाजूची सही हवी, म्हणून भारतीय प्रशासन सेवेतले के. जी. बदलानी यांना एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान करण्यात आलं. त्यांनी सही केली आणि घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने ११ ऑगस्ट १९६१पासून हवेली भारताचा भाग झाली. हे सगळं थोडं नाटकी वाटतं खरं. पण यातून दिसतं की हेगच्या निकालातल्या त्या न विचारलेल्या प्रश्नाला दिल्ली घाबरून होती. प्रदेश ‘घेतला’ असं दिसू नये, ‘सामील झाला’ असं दिसावं, यासाठी एवढा खटाटोप.

पोर्तुगीज कागद तरीही मेले नाहीत. १९२०च्या दशकात पोर्तुगिजांनी काही जमीनदारांना ‘अल्वारा’ दिले होते, जंगलजमिनीच्या कायम लागवडीचे पट्टे. १९७४मध्ये तिथल्या कलेक्टरने अटी मोडल्याच्या कारणावरून ते रद्द केले. त्यावरचे दावे मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकविसाव्या शतकापर्यंत चालू राहिले. ज्यांच्या जमिनींवर हे पट्टे दिले गेले होते ते आदिवासी मात्र या दाव्यांत क्वचितच पक्षकार होते.

लिस्बनमध्ये हुकूमशाही कोसळल्यावर ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सुआरेस, भारतातर्फे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. चौदा वर्षांपूर्वी उंबरगाव गुजरातकडे गेलं तेव्हा महाराष्ट्राचे मुख्यमंत्री तेच होते. तहाच्या पहिल्या कलमात पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवर भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं, ते ज्या तारखांना हे प्रदेश भारतीय घटनेनुसार भारताचे भाग झाले त्या तारखांपासून. हवेलीसाठी ती तारीख ११ ऑगस्ट १९६१. २ ऑगस्ट १९५४पासून तोपर्यंतच्या सात वर्षांबद्दल त्या तहात काहीच लिहिलेलं नाही.